न पेटलेला स्टोव्ह

चित्र समोर आलं की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'हुबेहूब'. त्यातून ते चित्र पेन्सिलीचं असेल, घरातल्या रोजच्या वस्तूचं असेल आणि काढणारी बाई ओळखीतली असेल, तर पुढची दोन वाक्यंही ठरलेली असतात. 'हात छान आहे हो तुमचा' हे एक आणि 'मग सोडलंत कशाला?' हे दुसरं. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात हळहळ आहे, आणि ही दोन्ही बोलून होईपर्यंत आपली नजर कागदावरून उठलेली असते. चित्र पाहायचं राहूनच जातं.

मला अशाच एका चित्राबद्दल लिहायचं आहे, आणि जरा सावकाश लिहायचं आहे. आमच्या गटात सगळ्याजणी ज्यांना मावशी म्हणतात त्या घाटकोपरच्या एका बाईंनी ते काढलेलं आहे. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली, घर रिकामं करताना ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली घातलेल्या कागदांत ते निघालं. हिशेबाच्या वहीचं लांबट पान, मागच्या बाजूला दुधाचा आणि वाण्याचा हिशेब. पुढच्या बाजूला पितळी स्टोव्ह. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १९८६ एवढंच लिहिलंय. सही नाही.

ज्या मुलींनी पंपाचा स्टोव्ह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली रॉकेलची गोल पितळी टाकी, तिच्या कडेला पंप आणि हवा सोडायची चावी, मधोमध उभी नळी, नळीच्या डोक्यावर बर्नर. टाकीला लागून तीन पाय, ते खाली जमिनीवर टेकतात आणि वर त्यांच्यावर भांडं ठेवायची कडी बसते. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. बर्नर चोंदला की पिन घालायची. पंपाचा चामड्याचा वायसर वाळला की त्याला तेल पाजायचं. १८९२ साली स्वीडनमध्ये असा स्टोव्ह पहिल्यांदा निघाला, आणि पुढे आपल्याकडे चाळींतून, झोपडपट्ट्यांतून, उपनगरांतल्या एका खोलीच्या संसारांतून तो असा काही रुळला की तो बाहेरून आलाय हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

आता चित्र. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती टाकीच्या वरच्या कडेची गोलाई. शाळेत चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या बायकांना हे लगेच कळेल. एलिमेंटरीला वस्तुचित्राचा पेपर असायचा. वर्गात मध्यभागी टेबलावर तांब्या, किटली, बादली, एखादं वांगं असं काही मांडलेलं, आणि आपण चारी बाजूंनी बाकांवर. वस्तू दूर आणि जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला, त्यामुळे भांड्याचं तोंड चपट्या लंबवर्तुळासारखं दिसतं. चित्रकलेचे सर त्याच लंबवर्तुळावर आपला जीव खायचे, कडा टोकदार करू नका म्हणून. मावशींच्या कागदावरचं लंबवर्तुळ चपटं नाही. ते चांगलं फुगलेलं, गोलाकडे झुकलेलं आहे. म्हणजे डोळा वर होता आणि जवळ होता. स्टोव्ह जमिनीवर आहे आणि बघणारी बाई त्याच्या शेजारी पाटावर बसलेली आहे, हे त्या एका रेषेतून कळतं. परीक्षेतली वस्तू मांडलेली असते. इथली वस्तू जिथे असते तिथेच आहे, आणि बघणारी बाईसुद्धा ती रोज जिथे असते तिथेच आहे.

दुसरी गोष्ट पितळेची. पेन्सिलीला रंग नसतो. पितळ पिवळं असतं हे ती सांगू शकत नाही. मग मातीचा माठ आणि पितळेची टाकी वेगळी दाखवायची कशी? माठावर उजेडाकडून सावलीकडे जाताना छटा हळूहळू गडद होत जाते. घासलेल्या धातूवर असं होत नाही. तिथे लखलखीत पांढरं आणि त्याला लागूनच एकदम काळं असतं, मध्ये पायरी नसते. मावशींनी टाकीच्या फुगवट्यावर कागद कोरा ठेवलाय आणि त्याला चिकटून पेन्सिल दाबून गडद पट्टा ओढलाय. तिथे खोडरबर लागलेला नाही, रेघ एकदाच गेलेली आहे. चिंच आणि राख लावून रोज संध्याकाळी जिने ती टाकी घासली, तिला उजेड कुठे पडतो हे शोधावं लागलं नसणार.

त्या कोऱ्या जागेत खिडकीचं वाकडं झालेलं प्रतिबिंब आहे, आणि त्याच्या खाली एक लहानसा काळपट आकार. आमच्या गटातल्या एका मुलीने तो दाखवला तेव्हा मी भिंग आणवलं. वर गोल, खाली पसरट. टाकीसमोर जी कोणी बसलेली असेल तिचं प्रतिबिंब बरोबर तिथेच पडेल. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक, डाग दिसला तसा काढला." सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लँडर्समध्ये क्लारा पेटर्स नावाची एक चित्रकर्ती होऊन गेली. चीज, बदाम, पेले, सुऱ्या अशा मांडलेल्या टेबलांची चित्रं ती काढायची. तिच्या काही चित्रांत पेल्याच्या फुगवट्यावर नाहीतर सुरईच्या धातूच्या झाकणावर नीट पाहिलं तर एका बाईचा इवलासा चेहरा दिसतो. तो तिचा स्वतःचा. आज युरोपातली संग्रहालयं त्या चेहऱ्यावर पानंच्या पानं लिहितात. क्लाराने ते जाणूनबुजून केलं आणि मावशींनी नकळत केलं, हा फरक आहेच, तो मी पुसत नाही. पण नकळत का होईना, डाग म्हणून का होईना, दिसलेलं खोडून न टाकण्याचा प्रामाणिकपणा दोघींच्यात आहे.

चित्रात चूक नाही असं मात्र कोणी समजू नये. मागचा पाय फसलाय. तो जिथे टेकायला हवा त्याच्या बोटभर वर टेकलाय, त्यामुळे स्टोव्ह किंचित कलंडल्यासारखा वाटतो. बर्नरच्या भोकांची गर्दी झाली आहे. बाई शिकलेल्या आहेत, पण सराव सुटलेला आहे, हे या दोन ठिकाणी उघडं पडतं. मला ते लपवावंसं वाटत नाही, कारण बाईने काढलंय म्हणून सगळं गोड मानून घ्यायचं ही 'हुबेहूब'चीच दुसरी बाजू झाली. आणि या फसलेल्या पायाच्या पुढेच चित्रातली मला सगळ्यात आवडलेली जागा आहे. पुढच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. फरशी उंचसखल असणार. परीक्षेच्या मांडणीत सरांनी तो पुठ्ठा काढून टाकला असता, चित्राला शोभत नाही म्हणून. इथे तो आहे, त्याच्या कडांचे पापुद्रेसुद्धा आहेत.

स्टोव्ह पेटलेला नाही. ज्वाळा नाही, वर भांडं नाही. हे असं का, ते मावशींनी सहज सांगितलं. त्या दिवशी रेशनच्या दुकानात रॉकेल आलं नव्हतं. गॅससाठी नाव घातलेलं होतं, पण तेव्हा नंबर लागायला वर्षं जायची. त्या पाच-सहा जणांचे डबे करत असत, एकटी राहणारी कारखान्यांतली माणसं. रॉकेल नाही म्हणून त्या दिवशी डबे बंद. मुलं शाळेत, नवरा कामावर. दुपारी दोन तास हाताला काम नाही. "मग काय करायचं, समोर तोच होता," असं त्या म्हणाल्या. बाईला चित्र काढायला मिळालं ते घरात इंधन नव्हतं म्हणून. चित्रकलेच्या इतिहासात असली कारणं कोणी नोंदवत नाही.

आता वादाचं. हे चित्र गटात दाखवलं तेव्हा एका दुसऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्या आल्या होत्या. त्यांना ते कौटुंबिक हिंसेवरच्या पोस्टरसाठी हवं होतं. बर्नरवर तेवढी लाल ज्वाळा छापायची आणि खाली घोषणा. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. आपल्यापैकी ज्या जुन्या आहेत त्यांच्या मनात स्टोव्ह म्हटलं की काय येतं ते मला माहीत आहे. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. इस्पितळाच्या जळितांच्या वॉर्डात मृत्युपूर्व जबाबासाठी धडपड. स्टोव्ह नेमका सुनेच्याच अंगावर कसा भडकतो, हा प्रश्न आपण सभा-मोर्च्यांतून किती वेळा विचारला. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं, त्यामागे जळालेल्या बायकांची रांग आहे. मावशींचं चित्र त्याच वर्षीचं आहे.

मावशींनी नकार दिला. "माझा स्टोव्ह कोणाच्या अंगावर उडाला नाही. त्याच्यावर मी पोरांच्या फिया भरल्यात," एवढंच त्या बोलल्या. त्या कार्यकर्त्या जरा दुखावल्या, आमच्यातल्याही काहीजणींना वाटलं की मावशींनी मोठ्या प्रश्नाचा विचार करायला हवा होता. माझं मत स्पष्ट आहे. मावशींचं बरोबर होतं, आणि ते केवळ चित्र त्यांच्या मालकीचं म्हणून बरोबर नव्हतं.

आपल्या चळवळीने घरातल्या वस्तू रस्त्यावर आणल्या, याचा मला अभिमान आहे. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी मुंबईतल्या बायका एकत्र केल्या, आणि लाटणं-थाळीचा आवाज मंत्र्यांच्या कानांपर्यंत गेला. स्वयंपाकघरातलं लाटणं तेव्हा पहिल्यांदा राजकारणात आलं. पण त्यानंतर पोस्टरांवर, मुखपृष्ठांवर आपण वस्तूंना एकेक नोकरीच लावून दिली. लाटणं म्हणजे लढा. बांगडी म्हणजे बेडी. चूल म्हणजे गुलामी. स्टोव्ह म्हणजे मरण. आठ हातांची बाई काढायची आणि प्रत्येक हातात एकेक भांडं द्यायचं. यात खोटं काही नाही. पण वस्तूला एकच अर्थ चिकटवला की तिच्याकडे बघायची गरज संपते. पोस्टर लांबून, चालता चालता वाचायचं असतं, त्याला ते चालतं. त्या स्टोव्हला पुठ्ठ्याची घडी लागत नाही.

आणि स्टोव्हचा दुसरा इतिहासही आपल्याच चळवळीचा आहे. गिरणगावात गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर कित्येक घरं बायकांच्या रांधण्यावर तगली. उपनगरांतही तेच चालू होतं, फक्त विखुरलेलं, एकेका खोलीत, संघटनेशिवाय. मुलुंडला, घाटकोपरला, अंधेरीला, बोरिवलीला पोळीभाजीच्या डब्यांवर किती मुलांची शिक्षणं झाली याची कोणी मोजदाद केलेली नाही. ज्या स्टोव्हवर शेजारच्या घरातली सून जाळली गेली, तसल्याच स्टोव्हवर या घरातली बाई कमावत होती. दोन्ही खरं आहे. मावशींच्या चित्रात ही दोन्ही सत्यं मावतात, कारण चित्राने त्यातलं कुठलंच आधी ठरवून टाकलेलं नाही. मला ते चित्र पाहताना जळालेल्या मुली आठवल्याच. पण त्या मला आठवल्या, माझ्या आठवणीतून आल्या. बर्नरवर लाल शाई ओतली असती तर मला काही आठवायचं कामच उरलं नसतं.

'पण हे शेवटी एका भांड्याचंच चित्र ना?' असं एकजण म्हणाली. हा प्रश्न जुना आहे आणि त्याच्या पोटात बरंच राजकारण आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या चित्रकला अकादमीत चित्रांची उतरंड लावली गेली. सगळ्यात वर इतिहास-पुराणांची चित्रं, मग व्यक्तिचित्रं, आणि सगळ्यात तळाला भांडी, फळं, फुलं. वरच्या पायरीसाठी नग्न मानवी देह समोर ठेवून अभ्यास करावा लागे आणि तिथे बायकांना मज्जाव. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ सालच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. पण योहान झोफनीने १७७१-७२ मध्ये त्या सदस्यांचं सामूहिक चित्र काढलं, तेव्हा पुरुष सगळे नग्न मॉडेलभोवती जमलेले आणि या दोघी फक्त भिंतीवरच्या तसबिरींत! बायकांना तळाच्या पायरीवर ठेवायचं, आणि मग म्हणायचं की बायकांना भांड्याफुलांपलीकडे काही सुचत नाही. थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, या प्रश्नाची लिंडा नॉकलिनने १९७१ सालच्या आपल्या लेखात अशीच उलटतपासणी केली होती.

आपल्याकडेही ही उतरंड वेगळ्या रूपात आहेच. प्रभाकर बरवे यांनी घड्याळ, पान, फळ असल्या साध्या वस्तू कॅनव्हासवर आणल्या, वस्तू आणि अवकाश यांचा विचार 'कोरा कॅनव्हास' या १९९० सालच्या पुस्तकात मांडला, आणि जाणकारांनी त्याला चिंतन म्हटलं. रास्तच म्हटलं. मावशींना मी बरव्यांच्या शेजारी बसवत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. पण साधी वस्तू टक लावून पाहणं हे एका ठिकाणी चिंतन ठरतं आणि दुसऱ्या ठिकाणी दुपारचा विरंगुळा, यात पाहण्याच्या प्रतीपेक्षा पाहणाऱ्याचा पत्ता जास्त मोजला जातो अशी शंका मला येते. मावशी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही पास आहेत. पुढे जे.जे.त जायचं म्हणाल्या तेव्हा घरच्यांनी स्थळ पाहिलं. हे आपल्यापैकी कोणाला नवीन नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

लिहायचं आहे ते या दोन तासांबद्दल. रोज हाताळतो ती वस्तू आपण पाहत नाही. हात तिला ओळखतो, डोळ्याला तिची गरजच पडत नाही. अंधारातही पंपाची मूठ सापडते. चित्र काढायचं तर हात बाजूला घ्यावा लागतो. वस्तूला कामावरून सोडवावं लागतं आणि स्वतःलाही. घरातल्या पुरुषाला हे जमवायला फार काही करावं लागत नाही, कारण त्या वस्तूशी त्याचं काम पडलेलंच नसतं. बाईला त्यासाठी रॉकेलचा तुटवडा व्हावा लागतो. म्हणून अशा चित्राचं कौतुक करताना 'हात छान आहे' एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं. हात छान आहेच. पण त्या दुपारी हात थांबला आणि तिने पाहिलं. काय पाहिलं, कुठून पाहिलं, काय वगळलं नाही, हे कागदावर आहे आणि ते वाचता येतं. त्याला कलाशिक्षण लागत नाही, पाच मिनिटं लागतात. उलट ज्यांनी स्टोव्ह घासलाय त्यांना ते एखाद्या समीक्षकापेक्षा लवकर वाचता येईल. पंपाच्या मुठीवरची चकाकी टाकीपेक्षा मंद का काढलीय, हे आमच्यात सगळ्यात आधी ओळखलं ते धुणीभांडी करणाऱ्या एका बाईने. मुठीला हाताचं तेल लागतं, ती म्हणाली.

'सोडलंत कशाला?' हा प्रश्नही आता पुरे करावा. त्याचं उत्तर विचारणारीलाही माहीत असतं, आणि ऐकणाऱ्या बाईला मात्र उगाच आरोपी झाल्यासारखं वाटतं. त्याऐवजी आणखी काही काढलंय का, ते दाखवाल का, असं विचारून बघा. मावशींना तसं विचारल्यावर ट्रंकेतून आणखी तीन कागद निघाले. एक विळी, एक रॉकेलचा डबा आणि नरसाळं, आणि एक अर्धवट सोडलेली झोपलेल्या मुलाची मूठ. स्टोव्ह त्यांनी केव्हाच भंगारवाल्याला दिला होता. पितळेच्या भावाने गेला, बर्नरचे वेगळे पैसे आले नाहीत.

आपल्या उपनगरांत सध्या गल्लोगल्ली इमारती रिकाम्या होताहेत. ट्रंका, माळे, कपाटांचे तळ उपसले जाताहेत, आणि जुने कागद रद्दीत जाताहेत. त्यात असं काही सापडलं तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. पेन्सिलीची रेघ उन्हाने उडत नाही, पण घासली की पसरते, म्हणून वर कोरा पातळ कागद ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, त्याचा पिवळेपणा चित्रात उतरतो. हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. पावसाळ्यात दमट भिंतीला लागून ठेवू नका, कसर लागते. आणि काढणारी हयात असेल तर तिला विचारून कागदाच्या मागे तिचं पूर्ण नाव, साल आणि वस्तू कोणाच्या घरातली ते लिहून ठेवा. पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उतरते. मावशींच्या कागदामागे जागा नव्हती, दुधाचा हिशेब होता. त्यांनी त्याच्याच खाली, एकूण रकमेच्या शेजारी, आपलं नाव घातलं.